पन्नासावी पुंगळी

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे आणि त्याहून जुनी थापाडी आहे. दोन्ही गोष्टी सुरुवातीलाच कबूल केलेल्या बऱ्या. नाहरगडाच्या तटावरून नेम धरून मी एकदा जलमहालच्या पाण्यातल्या बगळ्याच्या चोचीतून मासा सोडवला होता, बगळ्याचं एक पीसही न हलवता. दुसऱ्या एका खेपेला माझी गोळी इतकी सरळ गेली की ती अजून थांबलेलीच नाही. बस्सीच्या पुढे आग्रा रोडने जाताना कानाजवळून काही सुं करून गेलं, तर खुशाल समजा, तीच ती.

जयपूरच्या एका बंदुकांच्या दुकानात, काचेच्या कपाटात उभी राहून मी असल्या गोष्टी वर्षानुवर्षं सांगत होते. शेजारच्या दुनळीला त्यातली एकही पटत नसे. तरी ती दोन्ही नळ्यांनी ऐकत असे.

आज सांगणार आहे ती मात्र थाप नाही. कशावरून म्हणाल, तर थाप मारताना मी कधी थरथरत नाही. ही गोष्ट सांगताना माझ्या दस्त्यावरचे दोन्ही स्क्रू अजून वाजतात.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. नळी पोलादाची आणि दस्ता अक्रोडाचा. मी अर्धस्वयंचलित जातीची आहे. आमच्यात जी एकबारी रायफल असते, तिचं सगळं हाताने करावं लागतं. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा, रिकामी पुंगळी काढायची, नवं काडतूस घालायचं. माझं तसं नाही. माझा चाप ओढला की गोळी सुटते, रिकामी पितळी पुंगळी उजवीकडे उडते, आणि मॅगझिनमधलं पुढचं काडतूस आपणहून नळीच्या घरात जाऊन बसतं. ते कोणी बसवावं लागत नाही. मित्रांनो, एवढं लक्षात असू द्या. माझा सगळा तोरा यात आहे आणि माझी सगळी भीतीही यातच आहे.

माझे पहिले मालक एक डॉक्टर होते. ते रविवारी शेतावर डबे मांडून माझ्याशी खेळत आणि घरी आल्यावर मऊ फडक्याने मला तेल लावत. ते वारले आणि मी दुकानात आले. तिथे येणारा प्रत्येक रिकामटेकडा माणूस मला खांद्याला लावून, नळीत काही नसताना, खट्ट खट्ट चाप ओढून बघायचा. घ्यायचं कोणालाच नसे. माझ्या पोटात घोडा अडवून धरणारा एक लहानसा पोलादी दात आहे. चाप ओढेपर्यंत घोडा त्या दाताने धरायचा, हे त्याचं काम. त्या खटखटीने तो झिजला. इतका झिजला की जरा जोराचा धक्का बसला, तर घोडा त्याच्यावरून निसटेल अशी मलाच धास्ती वाटे. हे मी कोणाला सांगितलं नाही. म्हातारपण लपवणं हा काही गुन्हा नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आणि एके दिवशी इंदुमती आली.

इंदुमती दुर्गापुऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहते. मूळची बडनेऱ्याची, नोकरी रेल्वेत, सिग्नल दुरुस्तीची. रेल्वेच्या संघातून ती एकबारी रायफलने नेमबाजी करत असे. पण दोन वर्षांपूर्वी कामावर तिच्या उजव्या हाताचा अंगठा चेंगरला. तेव्हापासून बोल्ट ओढला की अंगठ्यातून कळ जाई आणि नेम हलत असे. आता सोडून दे, असं सगळे म्हणत होते. तिला सोडायचं नव्हतं. परवान्याचे सगळे कागद हाती आले तशी ती नवऱ्याला घेऊन दुकानात आली. नवरा दशरथ, रेल्वेत तिकीट तपासनीस.

"पधारो सा," दुकानाचे मालक रणजीतजी म्हणाले आणि काउंटरवर त्यांनी आम्हा तिघींना मांडलं. एक एकबारी, एक झगमगीत नवी अर्धस्वयंचलित आणि तिसरी मी.

दशरथ नवीकडे बघत राहिला. "ही घे. काय दिसते!"

"दिसते चांगली. पण हिच्यातच सगळे पैसे गेले तर काडतुसं कशाने आणू? मला भिंतीवर टांगायची नाही, चालवायची आहे."

"सही बात, मॅडमजी," रणजीतजी म्हणाले. "रंग मत देखो, नली देखो. वजन देखो. और पुर्जा मिलेगा कि नहीं, ये पूछो."

तिने बोल्ट उघडून टॉर्चच्या उजेडात माझी नळी पाहिली. मला खांद्याला लावून बराच वेळ धरलं आणि हात थरथरतो का ते पाहिलं. रिकामा चाप ओढला. पुन्हा घोडा चढवला. मग एक वेगळीच गोष्ट केली. काउंटरवरच्या रबरी चटईवर तिने माझा दस्ता हलकेच आपटला.

"ये क्या?" रणजीतजींनी विचारलं.

"सवय आहे. आमच्याकडे कुठलंही यंत्र धक्का देऊन बघतात. धक्क्याने जे सुटतं ते गाडीखालीही सुटतं."

मित्रांनो, खरं बोलायची ती वेळ होती. मी घोडा सोडून दिला असता, तर तिने मला तिथेच परत ठेवलं असतं. पण इतक्या वर्षांनी कोणीतरी मला खेळण्यासारखं न धरता हत्यारासारखं धरलं होतं. मला त्या कपाटात परत जायचं नव्हतं. मी तो झिजलेला दात गच्च आवळून धरला. घोडा हलला नाही. आयुष्यातली माझी सर्वांत मोठी थाप मी एक शब्दही न बोलता मारली.

"हीच," इंदुमती म्हणाली.

"पुरानी है, एक बार मिस्त्री को दिखा लो," रणजीतजींनी प्रामाणिकपणे सांगितलं. "वो गाँव गया है, दशहरे के बाद आएगा."

"मग दसऱ्यानंतर दाखवू," दशरथ म्हणाला. "आणि मला चेहरा पाहून कळतं हो. पंधरा वर्षं विदाऊट पकडतोय. ही बाई सरळ आहे."

मला त्याच वेळी त्याची काळजी वाटायला हवी होती.

अष्टमीच्या दुपारी आम्ही बस्सीच्या पुढे एका क्लबच्या रेंजवर गेलो. बरोबर त्यांची मुलगी मोनाली होती. ती तेव्हा चौथीत होती. इंदुमतीने पन्नास काडतुसांची पेटी फोडली. एका मॅगझिनमध्ये दहा, अशी पाच मॅगझिनं. मित्रांनो, त्या दुपारी मी खरोखर चांगली चालले, यात थाप नाही. लोखंडी पाट्या टणाटण पडत होत्या. अंगठ्याला काही करावंच लागत नव्हतं. चौथ्या मॅगझिननंतर इंदुमतीने मान वळवून डोळे पुसले आणि दशरथला म्हणाली, "धूळ गेली."

पाचव्या मॅगझिनमधल्या नऊ गोळ्या सुटल्या आणि शिट्टी वाजली. कुठूनसा पंचवीस-तीस शेळ्यांचा कळप रेंजमध्ये शिरला होता. मागोमाग लाल पागोटेवाला मेंढपाळ आणि त्याच्या मागे ओरडत धावणारे रेंजचे प्रशिक्षक. इंदुमतीने लगेच चाप अडवणारी सेफ्टी लावली आणि मॅगझिन काढलं. मॅगझिन रिकामं होतं.

ते रिकामंच असणार. दहावं काडतूस आपणहून माझ्या नळीच्या घरात जाऊन बसलं होतं.

एकबारी असती तर शेवटची पुंगळी काढायला तिने सवयीने बोल्ट उघडला असता. माझ्याबाबतीत हाताला ती सवय लागायचीच होती. निघण्याआधी नळी उघडून बघणं हे प्रशिक्षकांचं काम, पण ते शेळ्यांच्या मागे होते. आणि दशरथच्या हातात फोन होता.

"इंदू, आवर! आईची गाडी आउटर सिग्नलला आली असेल. मॅगझिन रिकामं आहे ना?"

"आहे, पण..."

"झालं तर मग!" असं म्हणून त्याने मला पिशवीत घातलं आणि चेन ओढली. मोनालीने जमिनीवरच्या पितळी पुंगळ्या वेचून बिस्किटाच्या डब्यात भरल्या. घरी पोचल्यावर मला पोलादी कपाटात ठेवून कुलूप लावलं गेलं. जगभरातल्या विदाऊट प्रवाशांना चेहऱ्यावरून ओळखणाऱ्या माणसाने एका विदाऊट प्रवाशाला स्वतःच्या हाताने घरात आणलं होतं.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. या दिवशी आपल्याकडे शस्त्रांची, अवजारांची, पोथ्यापुस्तकांची पूजा होते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इंदुमतीला सकाळीच फोन आला. कुठेतरी सिग्नल लाल होऊन अडकला होता. ती पिशवी उचलून कामावर गेली. घरात पूजा मांडायला राहिले दशरथ, मोनाली आणि काल बडनेऱ्याहून आलेली आजी, म्हणजे दशरथची आई.

आजी हुशार होती. हात कामाचे, आवाज खणखणीत. "इंदूचा पत्र्याचा टूलबॉक्स आण. पाने आण. दशरथा, तुह्यं ते तिकिटं टोचाचं चिमटं आण. मोनाली, पुस्तकं आण, कंपास आण. आज अभ्यास बंद."

"सच्ची, आजी? मतलब पूरा दिवस?"

"उद्या सोनं लुटेपर्यंत."

मोनालीने पेन्सिलसुद्धा इतक्या आनंदाने दिली की बस. मग आजी म्हणाली, "आन् ते नवं हत्यार? ते तं मुख्य हाये."

दशरथने मला कपाटातून काढलं आणि आजीच्या हातात दिलं. आजीने ओल्या फडक्याने मला डोक्यापासून पायापर्यंत पुसलं. चापाजवळ एक लहान बटण आहे. तिच्या अंगठ्याने ते पलीकडे सरकलं आणि खालून एक लाल टिपका दिसू लागला.

मित्रांनो, तो लाल टिपका म्हणजे सेफ्टी निघाली. तो म्हणजे सावध, आता मी सुटू शकते.

आजीचा चेहरा उजळला. "बाप्पा! हिले तं आधीच कुंकू लावेल हाये!"

तिने त्या टिपक्याच्या शेजारी आणखी हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. कोणी तरी माझ्या पाया पडावं, असं मी हजार थापांमध्ये रंगवलं होतं. प्रत्यक्षात ते घडलं तेव्हा मला ओरडावंसं वाटत होतं.

चौरंगावर मी मावेना. म्हणून दशरथने माझा दस्ता टूलबॉक्सच्या गुळगुळीत पत्र्यावर टेकवला आणि नळी मोनालीच्या पुस्तकांच्या थप्पीवर ठेवली. नळीचं तोंड खोलीकडे. समोर दोन हातांवर आजीचा पाट आणि पाटावर पोथी.

"आता आयका," आजीने बोट उंचावलं. "उद्याची उत्तरपूजा होईलोग याले कोनी हात लावाचा नाही. हालवाचं नाही, उचलाचं नाही. पूजेतलं हत्यार हाये हे. मी साठ वर्षं मांडून राहिली."

"हो, आई," दशरथ म्हणाला आणि आपट्याची पानं शोधायला गोपालपुऱ्याकडे निघून गेला. जयपुरात ती मिळवायची म्हणजे वणवण.

आजी पाटावर बसली. मोनाली तिच्या पुढ्यात, माझ्या अगदी समोर, रांगोळी काढू लागली.

मग पहिली गाडी आली.

रेल्वे क्वार्टरची घरं रुळांच्या इतकी जवळ असतात की तिथल्या माणसांना गाडी ऐकू येत नाही. सवय झालेली असते. मला सवय नव्हती. भिंत थरथरली, चौरंग थरथरला, पत्र्याचा टूलबॉक्स बारीक आवाजात वाजू लागला. आणि माझा दस्ता त्या गुळगुळीत पत्र्यावर एक बोटभर सरकला.

टूलबॉक्सची कड मला दिसत होती. ती चार बोटं दूर होती. तीन उरली.

कडेवरून मी घसरले असते, तर माझा दस्ता खालच्या दगडी फरशीवर आदळला असता. नळी पुस्तकांवर टेकलेली. दस्ता खाली गेला की तोंड वर उचललं जाणार, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. आणि तो धक्का माझ्या झिजलेल्या दाताला पेलणार नव्हता. हे जगात फक्त मला माहीत होतं.

मोनाली रांगोळीत पुंगळ्या लावत होती. मधोमध एक पणती, भोवती पितळी पाकळ्यांची फुलं. ती वाकली की तिची वेणी माझ्या तोंडासमोर लोंबत असे. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, बाळा, सरक. जरा डावीकडे सरक. ती सरकली आणि तिच्यामागे आजी दिसली. आजी पोथी वाचत होती, चष्मा नाकावर, ओठ हलत होते. मग मी म्हणत होते, आजी, पाय अवघडले असतील, उठा ना. आजी उठली नाही.

आयुष्यभर मी बडबड केली. बगळ्यांच्या, माशांच्या, कधी न थांबणाऱ्या गोळ्यांच्या गोष्टी सांगितल्या. खरं सांगायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे एकच शब्द उरला होता, आणि तो उच्चारला असता तर यांच्यातलं कोणीतरी मेलं असतं.

दुसरी गाडी प्रवासी होती. अर्धं बोट. तिसरी धडधडत, न थांबता गेली. दोन बोटं. माझ्यावरचं झेंडूचं फूल घरंगळून खाली पडलं. आजीने वर पाहिलं. "देवीनं कौल देल्ला," ती समाधानाने म्हणाली आणि पान उलटलं.

माझा घोडा दाताच्या टोकावर उभा होता. आत काडतूस थंडगार बसलेलं. आपलं काही बिघडलंच नाही, अशा थाटात.

"आजी, फूल पूरा होत नाहीये," मोनाली म्हणाली. "चार फुलांना दहा-दहा पाकळ्या आल्या. पाचव्याला नऊच."

"असंल इकडंतिकडं. डब्यात पाह्य."

"पाहिलं. नाहीये."

तेवढ्यात इंदुमती आली. घामाने डबडबलेली, हाताला ग्रीस. चपला काढता काढता म्हणाली, "सुटला एकदाचा सिग्नल. ॲक्सल काउंटर होता."

"ते काय असतं, आई?"

"चाकं मोजणारं यंत्र. एका टोकाने किती चाकं आत गेली ते मोजायचं, दुसऱ्या टोकाने किती बाहेर आली ते मोजायचं. दोन्ही सारखी, तरच रूळ रिकामा. एक जरी कमी आलं, तरी आत काहीतरी उभं आहे असं धरायचं. डोळ्यांना रूळ रिकामा दिसला तरी सिग्नल लालच ठेवायचा." तिने रांगोळीकडे पाहिलं. "किती सुंदर केलंस गं! पण हे फूल अर्धं का?"

"एक पुंगळी कम आहे. एकोणपन्नासच आहेत."

"रेंजवर राहिली असेल मातीत," इंदुमती म्हणाली आणि हात धुवायला वळली.

वळली आणि थांबली.

मी तिचा चेहरा पाहिला, मित्रांनो. तिने आधी रांगोळीतल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग त्या लाल टिपक्याकडे. आजीला जिथे कुंकू दिसलं होतं, तिथे इंदुमतीला लाल सिग्नल दिसला.

"पन्नास आत गेली," ती पुटपुटली. "एकोणपन्नास बाहेर आली."

"काय म्हनली?" आजीने विचारलं.

"मोनाली," इंदुमतीचा आवाज अगदी हळू झाला. "उठ. रांगोळी ओलांडू नको. भिंतीकडेने माझ्यामागे ये. आणि स्वयंपाकघरात जा."

"पण आई..."

"जा."

मोनाली गेली. माझ्या तोंडासमोर आता फक्त आजी होती.

"आत्याबाई, तुम्हीही उठा. बाजूला व्हा."

"अध्याय चालू हाये. मधात सोडून उठत नसतात."

"आत्याबाई, ती रायफल भरलेली असावी असं मला वाटतंय. मला ती उचलायची आहे."

आजीने पोथीवर हात ठेवला. "दशरथ म्हने रिकामी हाये. आन् भरेल असली तरी, चाप ओढल्याबिगर थोडीच उडते? पूजेतल्या हत्याराले हात लावाचा नाही, इंदू. घरावर संकट येते. तुहे सासरे गेले त्या साली हेच झालं होतं. मी बोलली नाही कधी."

ही अडचण मला आधी कळलीच नव्हती. आजी हट्ट करत नव्हती. ती घाबरली होती. आम्ही तिघीही घाबरलो होतो, पण दोघी माझ्यापायी आणि एक देवापायी.

दुरून भोंगा आला. मालगाडीचा. जड, भरलेली, लांबलचक. इंदुमतीने तो ऐकला आणि टूलबॉक्सच्या कडेकडे पाहिलं. माझा दस्ता अगदी कडेवर होता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पाप लागलं तर माझ्या नावावर. तुम्हाला काही झालं तर मी ह्यांना तोंड कसं दाखवू? सरका हो. पाया पडते."

आजी सुनेकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत सून असं कधी बोलली नसावी. चौरंग थरथरू लागला. आजीने पोथी छातीशी धरली आणि जमिनीवर हात टेकून ती बसल्या बसल्या डावीकडे सरकली. एक हात. मग आणखी एक.

मालगाडी घराला येऊन भिडली. पत्रा वाजला, समई हलली, आणि माझा दस्ता कडेवरून निसटला.

मी पडले. खरंच पडले. आणि हवेत असतानाच ग्रीस लागलेल्या दोन हातांनी मला धरलं. इंदुमती रांगोळी तुडवत चौरंगावरून झेपावली होती. तिने माझं तोंड कोपऱ्यातल्या गव्हाच्या कोठीकडे वळवलं, तो दुखरा अंगठा बोल्टला लावला आणि मागे ओढला.

पन्नासावं काडतूस बाहेर आलं. पूजेच्या ताटात टिणकन पडलं आणि हळदीत घरंगळत जाऊन थांबलं. न फुटलेलं. पिवळं धमक.

मालगाडी जातच राहिली. तिचा शेवटचा डबा गेला.

मग आजी म्हणाली, "हे एवढुसं?"

इंदुमती खाली बसली होती. तिने माझ्या नळीच्या घरात बोट घालून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. "काल मी उघडून बघायला हवं होतं. माझी चूक आहे. रुळावरच्या हजार गाड्यांचं बघते आणि..."

"पन चाप तं कोनी ओढला नसता," आजीचं अजून तिथेच अडलं होतं. "मंग कशी उडाली असती?"

"तेच मलाही बघायचंय. मोनालीची पेन्सिल हवी."

पेन्सिल पूजेत होती. आजीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच उचलून सुनेच्या हातात दिली. "घे. आता काय राह्यलं."

इंदुमतीने नळी रिकामी असल्याची आणखी एकदा खात्री केली. घोडा चढवला. पेन्सिल माझ्या तोंडातून उलटी आत सोडली. खाली घडी केलेली सतरंजी ठेवली. मग मला होते तसं पुस्तकांवर टेकवलं, आणि चापाला बोटही न लावता दस्ता तेवढ्या उंचीवरून सोडून दिला.

या वेळी मी दात आवळला नाही. दुकानात जे करायला हवं होतं ते मी आता केलं.

खट्ट. पेन्सिल सुटली, चौरंगावरून उडाली आणि आजीच्या रिकाम्या पाटावर ठक्कन आदळून पडली.

पाटावर एक काळा ठिपका उमटला. आजीने तो पदराने पुसून पाहिला. तो गेला नाही. मग तिने हात पुढे करून इंदुमतीचा चेंगरलेला अंगठा धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तेवढ्यात दार उघडून दशरथ आला, दोन्ही हातांत आपट्याच्या डहाळ्या. "अख्खा गोपालपुरा पालथा घातला! हे काय, रांगोळी कोणी तुडवली?"

इंदुमतीने ताटातलं काडतूस उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. "विदाऊट होता. तुमच्याच डब्यातून आला."

दशरथने काडतुसाकडे पाहिलं, पाटावरच्या ठिपक्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. पानं हातात तशीच धरून तो उंबऱ्यात खाली बसला.

दसरा झाल्यावर मिस्त्री आला. त्याने माझा झिजलेला दात काढून नवा बसवला. मला वाटलं होतं, आता मला विकून टाकतील. इंदुमतीने विकलं नाही. "चूक हिची एकटीची नव्हती," ती रणजीतजींना म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं, पण माझी बरीच होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू स्वतःचं दुखणं सांगत नाहीत. आम्ही चकाकत राहतो आणि थापा मारतो. गॅसची शेगडी असो, सायकलचा ब्रेक असो, भिंतीतला विजेचा बोर्ड असो, आमच्या शब्दावर विसंबू नका. उघडून बघा. दुसऱ्याने बघितलं म्हणाला, तरी आपण एकदा बघा. मोजा, आणि एक जरी कमी भरलं तरी "असेल इकडेतिकडे" असं म्हणू नका. आणि मुलांनो, माझ्यासारखं काही कुठे दिसलं, तर हात न लावता मोठ्या माणसाला बोलवा.

यंदाच्या खंडेनवमीला आजी पुन्हा आली. कुंकवाची वाटी हातात घेण्याआधी तिने मला इंदुमतीपुढे धरलं. "उघड तिचं तोंड. मले दिसू दे." इंदुमतीने बोल्ट मागे ओढून अडकवला. आजीने चष्मा लावून आत पाहिलं, मोनालीला दाखवलं, दशरथला दाखवलं. मग झेंडूच्या फुलाचा देठ माझ्या नळीच्या रिकाम्या घरात खोवला आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. कुंकू तिने दस्त्याला लावलं, लाल टिपक्यापासून लांब.

मोनालीने रांगोळी काढली. पाच फुलं, आणि पाचव्यातली एक जागा तिने मुद्दाम मोकळी ठेवली.

दुपारी मालगाडी आली. भिंत थरथरली, टूलबॉक्स वाजला, माझ्या पोटातलं झेंडूचं फूल डुलू लागलं. मीही थरथरले, खोटं कशाला सांगू. पण आजी पाटावर बसून वाचत होती, आणि तिने पान उलटलं.